गाळ कुणाच्या नदीत, लॅब कुणाच्या गावात

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच विषयाभोवती फिरतायत, ऊर्जा इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि परदेशी विद्यापीठांशी भागीदारी. त्यामुळे बाकीचे, म्हणजे घरावरचं सोलर, इन्व्हर्टरची बॅटरी वगैरे, पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : सर, मी कराडजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. आमच्याकडे एनर्जी इंजिनिअरिंगचा नवा कोर्स काढायचं चाललंय, त्यासाठी युरोपातल्या एका विद्यापीठाशी एमओयू झाला, पाहुणे आले, फेटे बांधले, फोटो पेपरात आले. आता आठ महिने झाले, सगळं थंड आहे. अशा करारांतून खरंच काही उभं राहतं का हो? एखादं तरी उदाहरण सांगा. (एक प्राध्यापक, कराड)

एमओयू म्हणजे साखरपुडासुद्धा नाही हो, नुसतं कांदेपोहे खाऊन येणं आहे. त्यावर कुणी हॉल बुक करत नाही. मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो (नाव नको, तिथली माणसं अजून दिवाळीला फोन करतात) तिथे असंच परदेशातून एक सोलर टेस्टिंगचं युनिट आलं होतं, ते तीन वर्षं खोक्यातच पडून, कारण बसवायला खोली नव्हती, खोली मिळाली तेव्हा थ्री फेज कनेक्शन नव्हतं, आणि कनेक्शन आलं तोवर ज्या सरांना ट्रेनिंगला पाठवलं होतं ते दुसरीकडे नोकरीला लागले. शेवटी त्या खोक्याच्या लाकडाचं लायब्ररीत शेल्फ झालं, तेवढाच उपयोग.

पण उदाहरण विचारलंत म्हणून सांगतो, माझ्या डोळ्यासमोर लगेच येतं ते नेपाळ आणि नॉर्वेचं. हे एका एमओयूने झालेलं नाही, याला पन्नासेक वर्षं लागलीत, आणि म्हणूनच सांगण्यासारखं आहे.

१९५८ साली ओड हॉफ्टुन नावाचे एक नॉर्वेजियन इलेक्ट्रिकल इंजिनिअर मिशनतर्फे नेपाळात आले, ते सुद्धा वीज बनवायला नाही तर तानसेनला हॉस्पिटल बांधायला. बांधताना त्यांच्या लक्षात आलं असणार की इथे डिग्रीवाले नंतर, आधी वेल्डर, फिटर, मशिनिस्ट पाहिजेत. मग १९६३ मध्ये बुटवलला टेक्निकल इन्स्टिट्यूट, काम करत करत शिकायची पद्धत, आपल्याकडची आयटीआय आणि अप्रेंटिसशिप एकत्र केली तर जे होईल ते. पाठोपाठ १९६५ ला बुटवल पॉवर कंपनी, मग तिनाऊ नदीवर जेमतेम १ मेगावॅटचं वीजघर, मग १९९१ ला आंधीखोला ५ मेगावॅट (त्याला तर नॉर्वेतली वापरलेली जुनी मशिनं आणून बसवली), १९९४ ला झिमरुक १२ मेगावॅट, २००० साली खिम्ती ६० मेगावॅट. आकडे बघा कसे चढत गेलेत. १ वरून ५, ५ वरून १२, १२ वरून ६०. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची माणसं कामाला. मध्येच बुटवलला टर्बाईन आणि हायड्रोची यंत्रं बनवणारा-दुरुस्त करणारा कारखानाही निघाला.

आता तुम्ही म्हणाल यात विद्यापीठ कुठंय. येतंय, थांबा.

झिमरुकमध्ये एक लफडं झालं. पावसाळ्यात हिमालयातल्या नद्या पाण्याबरोबर अक्षरशः वाळू आणतात, आणि त्या वाळूत क्वार्ट्झ खूप. क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्‌स स्केलवर ७, टर्बाईनच्या स्टीलपेक्षा जास्त, म्हणजे कानशीने पाती घासल्यासारखंच झालं. त्यात हे घासणं वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतं, म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट नाही, आठपट. गाळ बसवायच्या टाक्या असतात पण त्या साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण पकडायला बांधतात, बारीक रेती निसटून आत जातेच. फ्रान्सिस प्रकारच्या टर्बाईनमध्ये गाईड व्हेन म्हणजे पाण्याला दिशा देणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या टोकाला असलेली बारीक फट रेतीने रुंद होते, त्या फटीतून पाण्याचा झोत सटकतो, भोवरा तयार होतो आणि तो भोवरा थेट रनरच्या, म्हणजे फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यावर जाऊन आपटतो. एका पावसाळ्यात मशीन दुरुस्तीला येतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर दर हंगामाला नांगराचा फाळ बदला.

आणि इथेच खरी मजा आहे. नॉर्वेची जवळपास ९० टक्के वीज पाण्यावर, ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठातली वॉटरपॉवर लॅब १९१७ ची, शंभर वर्षांहून जुनी, टर्बाईनमधलं त्यांना काय माहीत नसेल? पण त्यांचं बहुतेक पाणी नितळ! तळ्यांतून गाळ खाली बसून आलेलं. असली वाळू खाणारी टर्बाईनं त्यांच्या घरचा प्रश्नच नव्हता. म्हणजे प्रश्न नेपाळचा आणि लॅब नॉर्वेची, असा तो जुगाड जमला. भोला थापा यांनी २००४ मध्ये एनटीएनयूमध्ये जी पीएचडी केली तिचा विषयच हायड्रॉलिक मशिनरीतली वाळूची झीज हा होता, आणि महत्त्वाचं म्हणजे ते परत आले, काठमांडू विद्यापीठात शिकवलं आणि पुढे तिथले कुलगुरू झाले. त्यांच्यामागून बरीच पोरं त्याच वाटेने गेली, गाईड व्हेनच्या फटीवर एकाची पीएचडी, पात्याच्या आकारावर दुसऱ्याची, एकच खड्डा खोल खोल खणत गेले. २०११ ला काठमांडू विद्यापीठाच्या धुलीखेलच्या कॅम्पसवर नॉर्वेच्या मदतीने टर्बाईन टेस्टिंग लॅब उभी राहिली, ३०० किलोवॅटपर्यंतची टर्बाईनं तपासता येतील अशी. मी एकदा बघायला गेलो होतो, बाहेरून साधी शेडच वाटते हो, पण आत पाईप, पंप, टाक्या आणि पोरांचे हात ग्रीसने काळे. आमच्याकडच्या चकाचक, कुलूप लावलेल्या लॅबपेक्षा मला ते काळे हात बघून बरं वाटलं.

तर तुमच्या कॉलेजने काय करावं? मला विचाराल तर पाहुण्यांना पुन्हा बोलावू नका, आधी स्वतःचा गाळ शोधा. कराडच्या आजूबाजूला साखर कारखाने किती आहेत बघा, बहुतेकांत को-जनरेशन, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जाळून वीज. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, ५० टक्क्यांच्या आसपास ओलावा, म्हणजे बॉयलरमधली बरीच उष्णता नुसतं ते पाणी उडवण्यातच जाते, आणि गळीत हंगाम संपला की एवढा महागाचा बॉयलर-टर्बाईनचा सेट कितीतरी महिने बसून. बगॅस वाळवायचं कसं, साठवायचं कसं, हंगामानंतर त्या सेटवर दुसरं काय जाळता येईल, हा प्रश्न युरोपातल्या बायोमासवाल्यांना नवीन आणि चविष्ट वाटेल, कारण त्यांच्याकडे लाकडाचा भुसा आहे, उसाचं चिपाड नाही. पोफळीच्या कोयना वीजघराचे लोक, कारखान्याचे चीफ इंजिनिअर, यांना सिलॅबस कमिटीत बसवा, नुसते उद्घाटनाला नको. दोन तरुण शिक्षक तिकडे पाठवा पण पाठवायच्या आधी त्यांची इथली कायम पोस्ट पक्की करा, नाहीतर माझ्या जुन्या कॉलेजसारखं होईल. आणि लॅबच्या मेंटेनन्सचे पैसे करारातच लिहून घ्या, मशीन देणारे खूप भेटतात, बेअरिंग बदलायचे पैसे कुणी देत नाही.

आणि हो, डिग्री दोघांची मिळून द्यायची असेल तर यूजीसीचे २०२२ चे नियम आधी वाचा. तुमच्या संस्थेला नॅकचा (दर्जा तपासणारी संस्था) स्कोअर किमान ३.०१ पाहिजे किंवा एनआयआरएफच्या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात नाव पाहिजे, समोरचं विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात. ट्विनिंगमध्ये (डिग्री इथली, थोडं शिक्षण तिकडे) ३० टक्क्यांपर्यंतच क्रेडिट बाहेरचे, जॉइंट डिग्रीत दोन्हीकडे किमान ३०-३० टक्के. टेक्निकल कोर्स म्हणून एआयसीटीईचं वेगळं बघावं लागेल. या अटीत बसत नसाल तर डिग्रीचा नाद सोडा, एकत्र रिसर्च आणि शिक्षकांची देवाणघेवाण करा, खरं काम तिथेच होतं.

प्रश्न : मी कोयना प्रकल्पातून रिटायर झालेला माणूस. १९९९ ला लेक टॅपिंग झालं तेव्हा मी साइटवर होतो, ते नॉर्वेचं तंत्र. एवढं मोठं ज्ञान आपल्याकडे आलं तर मग त्यावर आपल्या कॉलेजात शिक्षण का उभं राहिलं नाही? (एक वाचक, चिपळूण)

काका, तुमच्यासारख्यांची पत्रं आली की हे सदर लिहिण्याचं सार्थक होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेक टॅपिंग म्हणजे धरण रिकामं न करता खालून बोगदा तळ्याच्या बुडापर्यंत न्यायचा, शेवटी खडकाचं एक बूच ठेवायचं आणि ते एका स्फोटात उडवायचं, की पाणी बोगद्यात. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी, म्हणजे १००० मेगावॅटच्या, १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयात हे आशियात पहिल्यांदा झालं, मग २०१२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा.

तुमचा प्रश्न टोचणारा आहे. मला वाटतं आपण तिथे सल्ला घेतला, काम करून घेतलं, उत्तम करून घेतलं, पण तो प्रकल्पाचा करार होता. प्रकल्पाच्या करारात काम संपलं की फाईल बंद. तुम्ही लोकांनी जे पाहिलं, बूच किती जाड ठेवलं, कुठे पाणी झिरपलं, ते तुमच्या डोक्यात आणि कपाटातल्या फायलींत राहिलं. नेपाळवाल्यांकडे पैसे कमी होते म्हणून असेल पण त्यांनी माणूस घडवणं आणि वीजघर बांधणं एकाच वेळी केलं.

तरी आपण अगदीच कोरडे नाही बरं का. रुरकीला १९५५ पासून जलसंपत्तीचं ट्रेनिंग सेंटर आहे, आशिया-आफ्रिकेतल्या देशांचे इंजिनिअर तिथे शिकायला येत आलेत, आणि १९८२ पासून लहान जलविद्युतचं वेगळं केंद्र. म्हणजे भारत देणाऱ्याच्या खुर्चीतही बसलेला आहे, फक्त ती खुर्ची सह्याद्रीत नाही. तुम्ही एक काम करा, आठवतंय ते सगळं वहीत उतरवून काढा आणि जवळच्या कॉलेजच्या सिव्हिलच्या पोरांना एक दिवस पोफळीला घेऊन जा. परवानगीसाठी हेलपाटे पडतील, तुम्हाला ते नवीन नाही.

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला बीई मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला रिन्युएबल एनर्जीत मास्टर्स करायचंय, म्हणते नॉर्वेत शिक्षण फुकट आहे. खरं का? आम्हाला कर्ज काढायची भीती वाटते. (एक आई, नाशिक)

ताई, फुकट होतं, आता नाही. २०२३ च्या ऑटमपासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत फी लागते, आणि ती किरकोळ नाही. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून पोरं अजून तेच सांगत फिरतात.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं थोडं शुल्क, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी सुरू केलीय, तेव्हा शहर बघून अर्ज करा. ओल्डेनबुर्ग विद्यापीठात रिन्युएबल एनर्जीचा एक कोर्स १९८७ पासून चालू आहे, जेव्हा आपल्याकडे सोलर म्हणजे फक्त सूर्यचूल होती तेव्हापासून, आणि जगभरच्या विकसनशील देशांतली मुलं तिथे येतात. डाड म्हणजे जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासाशी संबंधित कोर्सेसची स्कॉलरशिप आहे पण तिला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. माझं ऐकाल तर मुलीला आधी दोन वर्षं इथेच नोकरी करू द्या, पवनचक्कीच्या साइटवर, सोलर कंपनीत, कुठेही. कर्जही टळेल आणि तिला काय शिकायचंय ते पण कळेल. बीई झाल्या झाल्या "एनर्जी" म्हणणाऱ्या दहा जणांपैकी निम्म्यांना आपल्याला वारा पाहिजे की ऊन हेच माहीत नसतं.

प्रश्न : आम्ही बारा वर्षं अबू धाबीत आहोत. इथे आयआयटी दिल्लीचं कॅम्पस सुरू झालंय, एनर्जी इंजिनिअरिंगचं बीटेक आहे. मुलगा बारावीत. गावाकडचे नातेवाईक म्हणतात ती खरी आयआयटी नाही. शिवाय इथे आधी एमआयटीने पण काहीतरी केलं होतं ना, त्याचं काय झालं? (एक वाचक, अबू धाबी)

नातेवाईकांना सांगा की डिग्री आयआयटी दिल्लीचीच मिळते. तिथे २०२४ च्या जानेवारीत पहिला कोर्स सुरू झाला तो एमटेकचा, एनर्जी ट्रान्झिशन आणि सस्टेनेबिलिटी, आणि त्याच वर्षी बीटेकच्या बॅचेस आल्या, एनर्जी इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर. बीटेकला दोन दरवाजे आहेत, जेईई अॅडव्हान्स्ड किंवा त्यांची वेगळी परीक्षा सीएईटी. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरात पहिला कोर्स तेलानंतरच्या ऊर्जेचा, हे मला फार आवडलं.

एमआयटीचं म्हणताय ते मसदार इन्स्टिट्यूट. २००७ ला एमआयटीच्या मदतीने ठरलं, २००९ ला पहिले विद्यार्थी, मसदार सिटीत कॅम्पस, फक्त पोस्ट ग्रॅज्युएट आणि सगळा भर रिन्युएबलवर. २०१७ ला ते खलिफा विद्यापीठात विलीन झालं. काही जण याला बुडालं म्हणतात, मी नाही म्हणत. विद्यापीठ मोठं झालं की छोटी संस्था त्यात मिसळते, शिक्षक राहतात, लॅब राहते, पाटी बदलते. पण एक खरं, पाटी ज्याच्या नावाची त्याचा रस किती वर्षं टिकतो हे प्रवेश घेताना बघावंच लागतं. तेव्हा तिथे गेल्यावर दोनच गोष्टी विचारा, कायम तिथेच राहणारे प्राध्यापक किती आणि दिल्लीहून विमानाने येऊन-जाऊन शिकवणारे किती, आणि लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलाला स्वतःच्या हाताने काय करू देतात.

"खरी आयआयटी" वरून आठवलं, आपल्या जुन्या आयआयटी तरी कुठे एकट्याने उभ्या राहिल्यात. मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत, १९५८ ची पहिली बॅच तर पवईला नाही, वरळीला बसली होती. मद्रासला जर्मनी. कानपूरला १९६२ पासून दहा वर्षं अमेरिकेतली नऊ विद्यापीठं. आणि खुद्द दिल्लीला ब्रिटिश, तिची कोनशिला १९५९ ला राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स फिलिपने बसवली. तेव्हाही कुणाचा तरी काका म्हणालाच असेल की हे काही खरं इंग्लंडचं कॉलेज नाही.

प्रश्न : नेपाळमध्ये ट्रेकला गेलो होतो, गाईड म्हणाला आमच्या नद्यांत ८३,००० मेगावॅट आहे. फेकत होता का? (एक ट्रेकर, पुणे)

फेकत नव्हता, शाळेत शिकला ते सांगत होता. तो आकडा नेपाळात पोरासोरांना पाठ असतो. मजा अशी की तो सुद्धा परदेशी विद्यापीठातूनच आलाय, हरिमान श्रेष्ठ यांनी १९६६ ला मॉस्कोत पीएचडीसाठी हिशोब मांडला होता, त्यातला. पण ती सगळ्या नद्यांची कागदावरची बेरीज आहे, परवडेल अशी बांधता येण्याजोगी म्हणून ४२,००० च्या आसपासचा आकडा सांगतात. त्यात पुन्हा बहुतेक वीजघरं नदीच्या वाहत्या पाण्यावर, मोठं धरण नाही, म्हणून पावसाळ्यात वीज उतू जाते आणि हिवाळ्यात नदी आटली की चणचण. एके काळी तिथे हिवाळ्यात दिवसाला १६ तासांपर्यंत लोडशेडिंग होतं, आणि २०२१ पासून तेच लोक पावसाळ्यातली वीज भारताला विकतायत. पुढच्या वेळी जाल तेव्हा गाईडला झिमरुकच्या वाळूचं विचारा, चहा त्याच्याकडून मिळेल.